पुरावा कोणी द्यायचा? : ग्रोनिंगनच्या वायूची साठ वर्षे

१९ एप्रिल २०२४ रोजी नेदरलँड्समध्ये एक कायदा अमलात आला. देशाच्या ईशान्य टोकाला असलेल्या ग्रोनिंगन प्रांतातील वायुक्षेत्रातून यापुढे कधीही वायू काढला जाणार नाही, असे या कायद्याने ठरवले. हे क्षेत्र युरोपातील सर्वांत मोठ्या वायुक्षेत्रांपैकी एक. ते रिकामे झाले होते म्हणून बंद केले, असे मात्र नाही. जमिनीखाली अजून सुमारे ४५० अब्ज घनमीटर वायू शिल्लक आहे. शिवाय युक्रेनमधील युद्धामुळे युरोपात वायूचे दर कधी नव्हे इतके चढून गेले, त्याला तेव्हा दोनच वर्षे होत होती. अशा वेळी एखादा देश आपला हक्काचा साठा स्वतःहून कुलूपबंद करतो, हे वरवर पाहता अजब वाटते.

हवामानबदलाच्या काळजीपोटी हे घडले, असा समज होणे स्वाभाविक आहे, पण कारण वेगळे होते. खेड्यांतील घरांच्या भिंतींना पडलेल्या भेगांनी हे क्षेत्र बंद पाडले. त्या भेगा कशामुळे पडल्या, हे कोणी सिद्ध करायचे, या प्रश्नाभोवती तीस वर्षे झगडा चालला. ऊर्जेच्या साधनांमधील बदलाविषयी आज जगभर जे बोलले जाते, त्यात इंधन कोणते आणि तंत्रज्ञान कोणते याची चर्चा भरपूर असते. ग्रोनिंगनची कहाणी सांगते, की त्याच्या आधीचा प्रश्न पुराव्याचा आहे.

शेतातला शोध

२२ जुलै १९५९ रोजी स्लॉख्टरन परिसरातील कोलहॅम या गावाजवळ एका शेतात घेतलेल्या विहिरीतून वायू वर आला. खोदकाम करणारी एन.ए.एम. ही कंपनी शेल आणि एसो (आजची एक्सॉनमोबिल) या दोन तेलकंपन्यांच्या समान मालकीची होती. आपल्या पायाखाली काय दडले आहे, याचा अंदाज गावकऱ्यांना फारसा कोणी दिला नाही. साठ्याचा खरा आवाका चर्चेत आला तो १९६० च्या ऑक्टोबरात, तोही एका बेल्जियन सदस्याने युरोपीय संसदेत केलेल्या भाषणामुळे. त्याने सांगितलेला ३०० अब्ज घनमीटरचा आकडा तेव्हा अतिशयोक्त वाटला. पुढे साठा सुमारे २,८०० अब्ज घनमीटरचा निघाला.

जमीन शेतकऱ्याची असली तरी तिच्याखालचा वायू त्याचा नव्हता. नेदरलँड्समध्ये तेव्हा नेपोलियनच्या काळातला, १८१० सालचा खाणकायदा लागू होता आणि तो २००३ पर्यंत टिकला. त्या कायद्यानुसार भूगर्भातील संपत्तीवर जमीनमालकाचा हक्क पोहोचत नव्हता. १९६३ मध्ये सरकार आणि दोन्ही तेलकंपन्या यांनी मिळून भागीदारीची चौकट उभी केली आणि त्याच वर्षी उत्पादन सुरू झाले.

त्यानंतर जे घडले ते ऊर्जाबदलाच्या इतिहासातील सर्वांत वेगवान प्रकरणांपैकी एक मानावे लागेल. काही वर्षांतच वाहिन्यांचे जाळे देशभर पसरले. घरोघरी जाऊन शेगड्यांचे बर्नर बदलण्यात आले, कारण ग्रोनिंगनच्या वायूत सुमारे १४ टक्के नायट्रोजन असल्याने त्याचे ज्वलन वेगळे होते. कोळशाची शेगडी गेली, कोळशापासून बनवलेला शहरी वायूही गेला. दक्षिणेकडील लिम्बर्ग प्रांतातील कोळसाखाणी बंद करण्याची घोषणा अर्थमंत्री योप डेन अउल यांनी डिसेंबर १९६५ मध्ये हीरलेन शहरात जाऊन, खाणकामगारांच्या प्रदेशातच केली. शेवटची खाण १९७४ च्या अखेरीस बंद झाली. लिम्बर्गमध्ये पर्यायी रोजगार आणण्याचे आश्वासन सरकारने दिले, ते पुरते पाळले गेले की नाही यावर तिथे आजही वाद होतात. पण निदान तिथे किंमत मोजावी लागणार हे जाहीरपणे मान्य केले गेले. ग्रोनिंगनला कोणतीही किंमत मोजावी लागेल, असे तेव्हा कोणी बोलतच नव्हते.

आणि फायदा प्रचंड होता. २०२३ मध्ये संसदीय चौकशी समितीने मांडलेल्या हिशेबानुसार या क्षेत्रातून सरकारी तिजोरीत सुमारे ३६३ अब्ज युरो आले, तर शेल आणि एक्सॉनमोबिल यांच्या वाट्याला सुमारे ६६ अब्ज. या पैशावर नेदरलँड्सचे कल्याणकारी राज्य उभे राहिले. वायूच्या निर्यातीने चलन महाग होऊन इतर उद्योग मागे पडतात, या आजाराला १९७७ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाने ‘डच रोग’ असे नाव दिले. ते आज अर्थशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. वायूच्या उत्पन्नातून पुढे एक पायाभूत निधी निघाला. त्यातून रॉटरडॅमहून जर्मनीकडे जाणारा मालवाहू लोहमार्ग झाला, दक्षिणेकडील अतिवेगवान रेल्वे झाली. हे दोन्ही मार्ग ग्रोनिंगनपासून दूर आहेत.

जमीन का हलते

ग्रोनिंगनचा वायू एखाद्या पोकळ गुहेत भरलेला नाही. तो जमिनीखाली सुमारे तीन किलोमीटरवर असलेल्या वालुकाश्माच्या बारीक छिद्रांत, प्रचंड दाबाखाली कोंडलेला असतो. त्यावर मिठाच्या जाड थराचे झाकण आहे. वरच्या तीन किलोमीटर खडकाचा भार वालुकाश्माचे कण पेलतात आणि त्यांच्यामधल्या वायूचा दाबही त्यांना साथ देतो. वायू काढून घेतला, की हा आतला आधार कमी होतो आणि सगळा भार कणांवर येतो. मग खडक दबतो आणि वरची जमीन खचते. क्षेत्राच्या मध्यभागी जमीन तीस सेंटीमीटरहून अधिक खाली गेली आहे.

खचणे एकसारखे झाले असते तर घरांना फारसा धोका नव्हता. पण या वालुकाश्मात शेकडो जुने भ्रंश आहेत. भ्रंशाच्या एका बाजूचा खडक जास्त दबतो, दुसऱ्या बाजूचा कमी. ताण साठत जातो आणि एक दिवस दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकतात. हाच भूकंप.

मराठी वाचकाला इथे किल्लारी आठवेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटेचा भूकंप सुमारे ६.२ तीव्रतेचा होता. ग्रोनिंगनमध्ये आजवर नोंदलेला सर्वांत मोठा धक्का ३.६ तीव्रतेचा आहे. ऊर्जेच्या हिशेबाने तो किल्लारीच्या तुलनेत हजारो पटींनी लहान. मग एवढा गहजब का? याची कारणे तीन. नैसर्गिक भूकंपाचे केंद्र बहुधा जास्त खोल असते, तर इथले फक्त तीन किलोमीटरवर. वरची जमीन मऊ चिकणमातीची आणि दलदली गाळाची. ती कंप वाढवते. आणि घरे विटांची, उथळ पायावरची, भूकंपाचा विचार स्वप्नातही न करता बांधलेली. समुद्राच्या भरतीपासून बचाव म्हणून माणसांनी हजारो वर्षांपूर्वी हातांनी रचलेल्या मातीच्या टेकाडांवर वसलेली ही गावे. त्यांत तेराव्या शतकातील विटांची चर्चे आणि मोठमोठ्या कौलारू छपरांची शेतघरे आहेत. एकाच तडाख्यात काही पडत नाही. पण धक्के एकदोन नव्हेत, हजाराहून अधिक झाले. एक भेग बुजवावी तोवर दुसरी.

माणसाच्या कृतीने जमीन हलू शकते, ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात दीडशेहून अधिक माणसे मेली. धरणाच्या जलाशयाने चेतवलेला भूकंप म्हणून कोयनेचे उदाहरण आज जगभरच्या भूकंपशास्त्रात दिले जाते. पण तिथेही सुरुवातीला धरणाचा संबंध आहे की नाही यावर बराच वाद झाला.

बोलणाऱ्याने सिद्ध करावे

२६ डिसेंबर १९८६ रोजी ग्रोनिंगनच्या दक्षिणेला, ड्रेन्थे प्रांतातील आसन शहराजवळ २.८ तीव्रतेचा धक्का बसला. या सपाट, शांत प्रदेशाला भूकंप माहीत नव्हता. मेन्ट व्हान डर स्लाउस या भूगोलतज्ज्ञाने त्याचा संबंध जवळच्या वायूउत्खननाशी जोडला. त्यांची टिंगल झाली. पाच वर्षांनी, डिसेंबर १९९१ मध्ये, ग्रोनिंगन क्षेत्रातच मिडेल्स्टुम येथे धक्का बसला. १९९३ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने मान्य केले, की विशिष्ट परिस्थितीत वायूउत्खननामुळे भूकंप होऊ शकतात. मात्र त्यांची तीव्रता ३.३ च्या वर जाणार नाही, असे सांगितले गेले. ही मर्यादा पुढे वाढवत न्यावी लागली.

इथे एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जमीन खचते, हे कंपनीने कधीच नाकारले नव्हते. १९८३ मध्येच एन.ए.एम. आणि प्रांतिक सरकार यांच्यात करार झाला होता. जमीन खचल्यामुळे बंधारे उंच करावे लागले, पाणी उपसण्याचे पंप वाढवावे लागले, तर त्याचा खर्च कंपनी देणार होती. म्हणजे नुकसान सोसणारी संस्था असेल आणि तिच्याकडे अभियंते व मोजमापे असतील, तर भरपाईला वाट होती. नुकसान एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या स्वयंपाकघरातील भिंतीचे असेल, तर मात्र ती भेग भूकंपाची की घराच्या वयाची, की पाया कच्चा होता म्हणून पडली, हे तिनेच दाखवायचे होते. नुकसान पाहायला येणारा तपासनीस अनेक वर्षे कंपनीनेच पाठवलेला असे. नकाशावर रेषा आखलेल्या होत्या. रेषेच्या आत असलेल्या घराचा दावा विचारात घेतला जाई, रेषेपलीकडच्या शेजाऱ्याचा नाही.

हाउझिंगेनंतर

१६ ऑगस्ट २०१२ च्या रात्री हाउझिंगे या लहानशा गावाजवळ ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. लोक अंगणात धावले. खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेने अभ्यास करून जानेवारी २०१३ मध्ये स्पष्ट सल्ला दिला, की व्यवहारात शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितके उत्पादन कमी करा. सरकारने आणखी संशोधन मागवले. संशोधन चालू असताना त्याच वर्षी क्षेत्रातून सुमारे ५४ अब्ज घनमीटर वायू काढला गेला. कित्येक वर्षांतील तो सर्वांत मोठा आकडा होता. ग्रोनिंगनच्या लोकांच्या मनात हा आकडा जितका रुतला, तितका कदाचित भूकंपाचा आकडाही रुतला नसेल.

फेब्रुवारी २०१५ मध्ये देशाच्या सुरक्षा तपास मंडळाने निष्कर्ष काढला, की २०१३ पर्यंत वायूविषयीच्या निर्णयांत रहिवाशांच्या सुरक्षिततेचा विचारच झाला नव्हता. अर्थमंत्री हेन्क काम्प यांनी माफी मागितली. २०१६ च्या शेवटी दिवाणी कायद्यात बदल होऊन पुराव्याची जबाबदारी उलटवण्यात आली. वायुक्षेत्राच्या प्रभावपट्ट्यातील घराचे नुकसान भूकंपाने होऊ शकते अशा स्वरूपाचे असेल, तर ते उत्खननामुळेच झाले असे गृहीत धरायचे. तसे नसेल तर ते दुसऱ्या पक्षाने सिद्ध करायचे. एका वाक्याचा बदल, पण त्यासाठी आसनच्या धक्क्यानंतर तीस वर्षे जावी लागली.

८ जानेवारी २०१८ रोजी झेराइप गावाजवळ ३.४ तीव्रतेचा धक्का बसला आणि मार्चमध्ये सरकारने २०३० पर्यंत हे क्षेत्र बंद करण्याचे ठरवले. पुढे ही मुदत अलीकडे आणली गेली. १ ऑक्टोबर २०२३ रोजी उत्पादन थांबले.

भेगेपेक्षा मोठे नुकसान

भूकंपाने थेट कोणाचा जीव गेला नाही. यावरून हा प्रश्न क्षुल्लक ठरवणारे नेदरलँड्समध्येही होते. पण ग्रोनिंगन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे रहिवाशांचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसले, की ज्यांच्या घराचे वारंवार नुकसान झाले त्यांची तब्येत इतरांपेक्षा वाईट आहे आणि ताण जास्त आहे. या ताणात धक्क्यांच्या भीतीइतकाच वाटा कागदपत्रांचा होता. तपासनीस येतो, अहवाल येतो. अहवाल मान्य नसेल तर दुसरा तज्ज्ञ. मग घर भूकंपात टिकेल का याची वेगळी तपासणी, आणि तिचे निकष मध्येच बदललेले. घर बळकट करण्याच्या कार्यक्रमात सुमारे २७,००० घरे आली. ओव्हरस्खिल्डसारख्या गावातील बहुतेक घरे पाडून नव्याने बांधावी लागली. जोडघराचा एक अर्धा भाग नवा होतो आणि दुसरा तसाच राहतो, त्यातून शेजाऱ्याशेजाऱ्यांत कटुता येते. शतकभराचे शेतघर पाडून त्याजागी भूकंपरोधक पेटी मिळते, तेव्हा ते सुरक्षित घर असते. पण ते तेच घर नसते.

१० जानेवारी २०२२ रोजी घरदुरुस्तीसाठी दहा हजार युरोपर्यंतचे अनुदान खुले झाले. निधी मर्यादित होता, ‘आधी येणाऱ्याला आधी’ असा नियम होता. संकेतस्थळ कोलमडले. वयस्कर माणसे हिवाळ्यातल्या थंडीत कार्यालयासमोर रांगेत उभी राहिली. पैसे पहिल्याच दिवशी संपले. ज्यांच्या पायाखालून शेकडो अब्जांचा वायू गेला, त्यांची रांग साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली आणि सरकारला आणखी निधी द्यावा लागला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये संसदीय चौकशीचा अहवाल आला. त्याच्या मथळ्यातील ‘बोव्हन’ या डच शब्दाचे दोन अर्थ होतात. ग्रोनिंगनचे लोक वायूच्या ‘वर’ राहतात, आणि त्यांचे स्थान वायूपेक्षा ‘वरचे’ हवे. ते स्थान त्यांना कधी मिळाले नाही, असा समितीचा निष्कर्ष होता. सरकारने पन्नास उपायांचा आराखडा जाहीर केला. ग्रोनिंगनच्या बोलीत त्याला ‘नई बेगुन’, म्हणजे नवी सुरुवात, असे नाव आहे. सुमारे २२ अब्ज युरो, तीस वर्षांत. त्यात घरांना उष्णतारोधक आवरण घालून देण्याचाही भाग आहे. कारण साऱ्या देशाला ऊब देणाऱ्या या प्रांतात घर गरम ठेवण्याचा खर्च न परवडणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण देशात वरच्या क्रमांकाचे आहे.

वायू आता कोणाच्या गावातून?

ग्रोनिंगनच्या भेगांनी नेदरलँड्सच्या धोरणाला वळण दिले. १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना वायूची जोडणी देणे सामान्यतः बंद झाले. उष्मापंप आणि सामूहिक उष्णतावाहिन्या यांना बळ मिळाले. पण जुनी लाखो घरे अजून वायूवरच आहेत. त्यांच्यासाठी बाहेरून आलेल्या वायूत नायट्रोजन मिसळून तो ग्रोनिंगनच्या वायूसारखा करावा लागतो. त्याचा मोठा प्रकल्प ग्रोनिंगनमधीलच झाउडब्रूक येथे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये एमसहाव्हन बंदरात द्रवरूप वायू उतरवण्याचे तरंगते टर्मिनल सुरू झाले. तेही ग्रोनिंगनमध्येच. नेदरलँड्सला येणाऱ्या द्रवरूप वायूत अमेरिकेचा वाटा मोठा आहे, आणि अमेरिकेत हा वायू बराचसा शेल खडक फोडून काढला जातो. टेक्सास, पेनसिल्व्हेनिया इथल्या ग्रामीण भागात विहिरींचे पाणी, सांडपाणी, कर्णकर्कश वाहतूक यांवरून तेच प्रश्न विचारले जातात. ओक्लाहोमात उत्खननाचे सांडपाणी खोल जमिनीत सोडल्याने भूकंप वाढले. सप्टेंबर २०१६ मधील पॉनीचा धक्का ५.८ तीव्रतेचा होता. एका गावाचा भार हलका झाला, की तो अनेकदा दुसऱ्या गावावर सरकतो.

ऊर्जेच्या पुढच्या टप्प्याची साधनेही खेड्यांतच येणार आहेत. झाउडवेन्डिंग येथील मिठाच्या थरात पोकळ्या करून हायड्रोजन साठवण्याची योजना आहे. ग्रोनिंगनकर विचारतात, हे हरित आहे हे मान्य, पण काही बिघडले तर सिद्ध कोणी करायचे?

आपल्याकडे

भारताने आपल्या ऊर्जावापरातील वायूचा वाटा सहा-सात टक्क्यांवरून २०३० पर्यंत पंधरा टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले आहे. मुंबई-पुण्याच्या स्वयंपाकघरांत नळाने येणारा वायू धूर आणि सिलिंडरची ओझी वाचवतो, हा लाभ खरा आहे. पण वायूच्या विहिरी आणि वाहिन्या जिथे आहेत, त्या गावांची नावे आपल्याला अपघात झाल्यावरच कळतात. आंध्र प्रदेशातील नगरम येथे जून २०१४ मध्ये वाहिनीच्या स्फोटात गावकरी मेले. आसाममधील बागजान येथे मे २०२० मध्ये विहिरीतून वायू उसळला, जूनमध्ये आग लागली आणि ती नोव्हेंबरात विझली. हजारो लोक छावण्यांत गेले. शेजारच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीवर जगणाऱ्या मासेमारांचे नुकसान किती, हा प्रश्न न्यायाधिकरणापर्यंत गेला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या प्रकरणात, धोकादायक उद्योगांवर निरपवाद जबाबदारी टाकली. चूक कोणाची हे पाहायचे नाही, नुकसान झाले तर भरपाई द्यायची. हे तत्त्व त्याच्या काळाच्या पुढचे होते. पण नुकसान त्या उद्योगामुळेच झाले, हे दाखवण्याचा भार अजून मुख्यतः नुकसान झालेल्यावरच आहे. स्फोट झाला तर कारण उघड असते. हळूहळू खचणारी जमीन, खारे होत जाणारे पाणी, भिंतीतली भेग यांचे कारण उघड नसते, आणि तिथेच गरीब माणूस हरतो.

ग्रोनिंगनपासून घेण्याजोगे धडे म्हणूनच फार साधे आहेत. पहिली विहीर खोदण्यापूर्वी आसपासच्या प्रत्येक घराची, विहिरीची आणि शेताची नोंद सरकारी खर्चाने व्हावी, म्हणजे ‘भेग आधीचीच होती’ हे वाक्य पुढे कोणाला सहज बोलता येणार नाही. भूकंपमापक आणि पाण्याची तपासणी कंपनीच्या ताब्यात नसावी आणि तिचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. भरपाईचा निधी पहिल्या दिवसापासून वेगळा काढलेला असावा. आणि ठरावीक परिसरातील ठरावीक स्वरूपाचे नुकसान उत्खननामुळेच झाले, असे कायद्याने गृहीत धरावे. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत, शिस्तशीर, मोजमापाची आवड असलेल्या देशाला ही शेवटची गोष्ट मान्य करायला तीन दशके लागली. वाहिन्या टाकल्या जात असतानाच आपण हे केले, तर तेवढी वर्षे आपल्या गावांना थांबावे लागणार नाही.